सुनेचं लर्निंग, सासऱ्यांची गाडी

ताई, मी साताऱ्याची, वय ३६. बारा वर्षं ॲक्टिवा चालवते. मिस्टर पुण्याला नोकरीला. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. दारात २०१७ ची वॅगनआर उभी आहे, सासऱ्यांच्या नावावर. अप्पा ७२ वर्षांचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी सोडली. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि रिक्षात चढताना त्यांचे हाल होतात, म्हणून मी गाडी शिकायचं मनावर घेतलं. क्लासचे वीस दिवस झाले. लर्निंग काढून साडेचार महिने झाले. पण घरची गाडी हातात आली ती फक्त दोन रविवार. अप्पांचं म्हणणं, "लर्निंगवाल्याला इन्शुरन्स नसतो. खरचटली तरी खिशातून भरायचं." नणंद इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. ती म्हणते, पॉलिसीत तुझं नाव घालावंच लागेल आणि हप्ता वाढेल. आमचे एजंट म्हणतात, "वहिनी, बिनधास्त चालवा. काही झालंच तर क्लेममध्ये दादांचं नाव टाकू." तिघांत खरं कोण? अप्पा शेजारी बसायला तयार झाले तर मी रोज सकाळी सराव करीन म्हणते. जाता जाता : पुतण्या सतरा वर्षांचा आहे, तोही "काकू, मला पण द्या ना" म्हणून मागे लागलाय. आणि हे उत्तर अप्पांना दाखवलं तर चालेल का?
— एक सून, सातारा

तिघंही चुकलेत, पण सारखे नाहीत. अप्पा अर्धे चुकलेत. नणंदबाई बरोबर आहेत, पण त्यांच्या देशापुरत्या. आणि एजंटसाहेबांकडे मी सगळ्यात शेवटी येते, कारण त्यांचा सल्ला फुकट वाटतो आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

अप्पांच्या कपाटातली पॉलिसीची प्रत बाहेर काढा. मोबाइलवरच्या पीडीएफमध्येही तेच असतं. पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'ड्रायव्हर' किंवा 'पर्सन्स एन्टायटल्ड टू ड्राइव्ह' अशा नावाचा एक परिच्छेद सापडेल. त्याची सुरुवात 'एनी पर्सन इन्क्लूडिंग द इन्शुअर्ड' अशी असते. म्हणजे गाडी कोणीही चालवो, ज्याच्या नावावर पॉलिसी आहे तो किंवा दुसरा कोणी, फक्त चालवणाऱ्याकडे त्या वेळी चालू असलेलं लायसन्स हवं. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याच्या नावाचा नसतो. म्हणून तर अप्पांच्या गाडीला तुमच्या मिस्टरांनी इतकी वर्षं हात लावला आणि नाव घालायचा विषय कधी निघाला नाही.

त्याच परिच्छेदात पुढे अजून एक वाक्य आहे. ते बहुतेक कोणी वाचत नाही आणि तुमचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. लर्निंग लायसन्सवालाही ही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळलेला असला पाहिजे, असं ते वाक्य सांगतं. म्हणजे तुमच्यासारख्या शिकाऊ माणसाची सोय पॉलिसीत मुळातच आहे. वेगळा फॉर्म नाही, वेगळा हप्ता नाही, कंपनीला कळवायचंही नाही. अप्पांनी हे वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं तर अर्धं भांडण तिथेच मिटेल. मोतीबिंदू काढलाय, आता दिसेल त्यांना.

आता नियम ३ काय मागतो? तीन गोष्टी. तुमच्याकडे मुदतीतलं लर्निंग हवं. गाडीला पुढे-मागे 'एल' हवा. आणि शेजारी, लगाम हातात घेता येईल अशा जागी, त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस शिकवणारा म्हणून बसलेला हवा.

'एल'चं पटकन उरकते. पांढऱ्यावर लाल. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड, खालची आडवी रेघ ९ सेंटिमीटर. लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे मागच्या काचेवर तिरके चिकटवून गावभर फिरणारे खूप दिसतात, पुढे तर काहीच नसतं. स्टेशनरीच्या दुकानात तयार स्टिकर मिळतो, दोन आणा आणि मोजपट्टी लावून बघा.

तुमचं लर्निंगही एकदा उघडून बघा. ॲक्टिवाचं लायसन्स आहे म्हणजे गाडीचं काम झालं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या जुन्या कार्डावर बहुतेक बिनगिअरच्या दुचाकीचाच वर्ग असेल. गाडीसाठी लर्निंगवर 'एलएमव्ही' ही तीन अक्षरं हवीत. क्लासवाल्यांनी फॉर्म भरलाय म्हणजे ती असणारच, पण बघायला पैसे पडत नाहीत. त्यावरची तारीख मात्र नीट बघा, कारण लर्निंगची मुदत सहा महिन्यांची आणि तुमचे साडेचार गेलेत. तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, म्हणजे तुम्ही साडेतीन महिन्यांपूर्वीच टेस्टला बसू शकला असता. हे लर्निंग संपलं की नियम ३ मधली पहिलीच अट गळून पडते. मग शेजारी आरटीओचे साहेब बसले तरी पॉलिसीच्या दृष्टीने तुम्ही बिनलायसन्सच्या. नवं काढावं लागेल आणि पुन्हा तीस दिवस थांबावं लागेल. तेव्हा हे वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर जाऊन टेस्टची तारीख घ्या.

राहिली शेजारची सीट. ताई, तुमच्या पत्रातली जी गोष्ट वाचून मी थबकले ती हीच. अप्पा ७२ वर्षांचे, गाडी सोडलेली, आणि ते शेजारी बसणार. अप्पांचं लायसन्स कधीपर्यंतचं आहे?

पन्नाशी ओलांडली की लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, असा जुना कायदा होता. २०१९ च्या दुरुस्तीत थोडा फरक पडला : पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत, पंचावन्ननंतर पुन्हा पाच-पाच वर्षं. कसंही मोजा, ७२ वर्षांच्या माणसाचं लायसन्स गेल्या पाच वर्षांत कधीतरी नवं झालेलं असायला हवं. ज्याने गाडी चालवणं सोडलं तो माणूस लायसन्स नवं करायला आरटीओत कशाला जाईल? कपाटात, बँकेच्या पासबुकाखाली, प्लॅस्टिकच्या पाकिटात ते कार्ड असेल आणि त्याची तारीख उलटून गेलेली असेल, अशी माझी नव्वद टक्के खात्री आहे. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची, २०१९ ला तीही गेली. तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून ते कार्ड नियम ३ साठी बिनकामाचं.

म्हणजे काय होईल बघा. तुमच्याकडे चालू लर्निंग, गाडीला मापात 'एल', शेजारी पन्नास वर्षं गाडी चालवलेला अनुभवी माणूस, आणि तरी कागदावर तुम्ही गाडीत एकट्या. पोवई नाक्याला कोणाच्या तरी मागच्या बंपरला हलकेच टेकलात, की सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान बघायला येणारा माणूस, पहिला प्रश्न विचारणार, "शेजारी कोण होतं? त्यांचं लायसन्स दाखवा." तुमच्या स्टेअरिंगवरच्या हाताबद्दल तो नंतर विचारेल.

गंमत अशी, की हाच माणूस लायसन्स नवं करून शेजारी बसला तर नियम खूष आहे. आपल्या नियमात शिकवणाऱ्याला वयाची वा वर्षांची अट घातलेली नाही. कालच टेस्ट पास झालेला भाचाही चालतो आणि अप्पाही चालतात. मुदत संपून एक वर्षाच्या आत असेल तर नुसतं नूतनीकरण होतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-ए म्हणतात त्याला. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं असेल तर उलट आता नजर आधीपेक्षा बरी भरेल. पण वर्ष उलटून गेलं असेल तर अप्पांनाही पुन्हा टेस्ट द्यावी लागेल. सून आणि सासरे एकाच दिवशी आरटीओच्या ट्रॅकवर आठ काढतायत, हे चित्र मला फार आवडलं, पण अप्पांना आवडेल का ते तुम्हीच बघा.

ते जमत नसेल तर दुसरा माणूस शोधा. शेजारची एखादी वहिनी, नात्यातलं कोणी, क्लासचा मास्तर. काही मास्तर घरच्या गाडीवर तासाच्या हिशोबाने येतात. मिस्टरांच्या दोन रविवारांवर गाडी येत नसते.

आणि शेजारी जो कोणी बसेल त्याने नुसतं बसायचं नाही. 'गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी' असं नियम म्हणतो. क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि क्लच असतो. घरच्या वॅगनआरमध्ये शेजारच्या माणसाकडे एकच हत्यार : दोन सीटांच्या मधला हँडब्रेक. तेव्हा अप्पांचा उजवा हात त्या दांड्याशेजारी हवा, व्हॉट्सॲपवर नको. मागच्या सीटवर नातवंडं आणि पुढे मोकळं, असं तर मुळीच नको. मागे बसलेल्या लायसन्सधारकाला मी शिकवणारा मानणार नाही, कंपनीही मानणार नाही.

"मग मी आधी झेडपीच्या मैदानावर फिरवते, तिथे कुठे नियम," असं मनात आलं असेल तर सांगते. जिथे लोकांना जायची मुभा आहे ती जागा कायद्याच्या भाषेत सार्वजनिकच. आणि समजा एखाद्याच्या खासगी आवारात गेलात, तरी पॉलिसीतलं ते ड्रायव्हरचं कलम आवाराबाहेर थांबत नाही. मैदानात खांबाला घासलीत तरी प्रश्न तेच.

आता समजा नियम ३ मोडला गेला आणि अपघात झाला. इथे अप्पांची भीती खरी ठरते, फक्त त्यांना वाटते तशी नाही. आपल्या गाडीचं नुकसान असेल तर तो क्लेम कंपनी नाकारणार, ते सरळ आहे. पण दुसऱ्याला लागलं, रस्त्यावरचा माणूस, समोरचा दुचाकीस्वार, तर कोर्ट त्याला वाऱ्यावर सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या निकालात हे बरंच स्पष्ट केलं. लर्निंग लायसन्स हेही लायसन्सच, लर्निंगवाला होता एवढ्या कारणावर कंपनीला हात झटकता येत नाहीत, हे त्यातच आलं. आणि लायसन्सच्या अटी खरोखर मोडल्या असतील तर बरेचदा असं होतं, की कंपनीने आधी जखमीला किंवा वारसांना पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे. वकील याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. मालक म्हणजे कोण? चालवणारी तुम्ही, पण आरसी बुकवर नाव अप्पांचं. माणूस दगावला तर भरपाईचा आकडा लाखांत असतो, आणि वसुलीची नोटीस अप्पांच्या पत्त्यावर येते. बिनलायसन्सवाल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम १८० आहेच. तेव्हा म्हाताऱ्याला हट्टी म्हणू नका. तो भितोय ते चुकीच्या वाक्याला, पण भीती अस्थानी नाही.

नणंदबाईंचं सांगते, म्हणजे व्हिडिओ कॉलवर वाद होणार नाही. इंग्लंडमध्ये विमा माणसागणिक मोजतात. गाडी कोण-कोण चालवणार त्यांची नावं पॉलिसीत असतात, आणि नाव नसलेल्याने चालवली तर बहुतेक वेळा विमा नाहीच. शिकणाऱ्याकडे प्रोव्हिजनल लायसन्स असतं आणि त्याचं नाव आईवडिलांच्या पॉलिसीत घातलं की हप्ता उडी मारतो. म्हणून तिथे शिकाऊ लोक घरच्याच गाडीवर स्वतःची वेगळी, थोड्या मुदतीची पॉलिसी घेतात. ठोकली तरी आईबाबांचा नो-क्लेम, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शाबूत राहतो. शेजारी बसणाऱ्याचं वय किमान २१ आणि लायसन्स किमान तीन वर्षं जुनं लागतं. मुलगाच रोज गाडी नेतो पण कागदावर मुख्य चालक बाप, या चलाखीला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. म्हणजे नणंदबाईंनी सांगितलं ते मनातलं नव्हतं, त्यांनी भोगलेलं असणार. इथे ते लागू नाही, एवढंच.

नो-क्लेम मात्र दोन्हीकडे आहे, आणि अप्पांची 'खरचटली तरी खिशातून' ही तक्रार इथे मला उलटी करून सांगावीशी वाटते. खरचटली तर खिशातूनच भरा!

हिशोब मांडून दाखवते. गाडी इतकी वर्षं क्लेमशिवाय चालली असेल तर अप्पांचा नो-क्लेम बोनस कमाल, म्हणजे ५० टक्के असणार. तो थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर मिळत नाही, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. तो मूळ हप्ता सोयीसाठी ५,००० रुपये धरू. अप्पा २,५०० भरतात. तुम्ही एक क्लेम केलात की बोनस शून्य. पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० ला यायला पाच वर्षं. हप्ता तोच धरला तर पहिल्या वर्षी २,५०० जास्त, मग १,५००, मग १,२५०, मग ७५०, मग २५०. बेरीज ६,२५०. म्हणजे एका क्लेमची खरी किंमत, मूळ हप्त्याच्या सव्वापट.

आता समोर ठेवा एक बंपर. समजा बंपर ३,००० चा आणि रंग-मजुरी ३,०००. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. दीड हजार गेले. रंगाच्या सामानावरही कापतात. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची कपात. हातात येणार तीन हजारांच्या आसपास, आणि त्यासाठी सव्वासहा हजार घालवायचे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं असलं तर चित्र थोडं बदलतं, पण इतक्या जुन्या गाडीला ते असेल असं वाटत नाही. पत्र्याचा भाग मोठा गेला, रेडिएटरपर्यंत मार बसला, तर जरूर क्लेम करा, विमा त्यासाठीच आहे. तिथेही पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा असतो, हे धरून चला. शिकाऊ हाताचे ओरखडे मात्र गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे.

यात एक गृहीत धरलंय : अप्पांची पॉलिसी 'फुल' आहे, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात आहे. गाडी जुनी झाली, आता फिरत नाही, म्हणून बरीच ज्येष्ठ मंडळी नुसतं थर्ड पार्टी भरतात. १,००० सीसीपर्यंतच्या गाडीचा तो हप्ता २,०९४ रुपये, जीएसटी वेगळा. तो तेवढाच भरलेला असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा प्रश्नच मिटला, काहीच मिळणार नाही. आणखी एक, जे लोकांना माहीत नसतं : नुसत्या थर्ड पार्टीत आपल्याच खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसांना संरक्षण नसतं, फुल पॉलिसीत असतं. मागे सासूबाई बसणार आहेत. आज ना उद्या बसणारच आहेत, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. नूतनीकरणाच्या वेळी फुल करून घ्या. नुसत्या थर्ड पार्टीवरून फुलवर जाताना कंपनी गाडीची तपासणी करते, म्हणून ओरखडे पडण्याआधीच केलेलं बरं.

स्वतः तुमचं काय? पॉलिसीत 'ओनर-ड्रायव्हर'ला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकाचा. अप्पा चालवत असोत वा सोबतचा चालक म्हणून शेजारी बसलेले असोत, त्यांना. आणि तोही त्यांचं लायसन्स चालू असेल तरच. म्हणजे ती उलटलेली तारीख इथेही आडवी येते. तुम्ही मालकही नाही आणि पगारी ड्रायव्हरही नाही, मधल्या मध्ये राहता. तुमच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या, ती ॲक्टिवावरही तुमच्यासोबत येते. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचं संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजनाही आहे, १८ ते ७० वयासाठी. वीस रुपयांत होतंय तर तेवढं तरी आजच करा. अप्पा वयाने तिच्या बाहेर गेले.

आता एजंटसाहेब.

मी विमा कंपनीत नोकरीला असताना एक फाईल आली होती. गाडी बंगल्याच्या गेटच्या खांबाला घासून दिवा आणि फेंडर गेलेला. क्लेम फॉर्ममध्ये चालक म्हणून नवऱ्याचं नाव, पक्कं लायसन्स जोडलेलं, सगळं चोख. सर्व्हेअर गाडी बघायला गेला. फोटो काढताना त्याने चालकाचं दार उघडलं आणि सीटकडे बघितलं. सीट पार पुढे, स्टेअरिंगला जवळजवळ चिकटलेली, वर उंचीसाठी उशी. फॉर्मवर सही करणारा गृहस्थ सहा फुटी, शेजारीच उभा. सर्व्हेअर म्हणाला, "साहेब, जरा बसून दाखवता?" ते बसू शकले नाहीत, गुडघे डॅशबोर्डला लागले. बाईंकडे चालू लर्निंग होतं. शेजारी दीर बसले होते, त्यांचं पक्कं लायसन्स होतं. खरं सांगितलं असतं तर क्लेम पूर्ण बसला असता! खोटं लिहिलं म्हणून गेला. ती फाईल बंद करताना मला जितकी चिडचिड झाली तितकी क्वचितच झाली असेल.

तेव्हा फॉर्मवर तुमचंच नाव, तुमच्याच लर्निंगचा नंबर, आणि शेजारी कोण होतं तेही खरं. मिस्टर मंगळवारी सकाळी साताऱ्यात गाडी चालवत होते असं लिहायचं आणि त्यांची पुण्याच्या ऑफिसात हजेरी लागलेली, हे शोधायला फार हुशारी लागत नाही. कोणाला इजा झाली असेल तर मग हा विम्याचा प्रश्न राहत नाही, पोलिसांना खोटा चालक दाखवल्याचा होतो. एजंटला 'वहिनी' म्हणू द्या, पण हा सल्ला घेऊ नका.

पुतण्याला नाही म्हणा. चर्चाच नको. १८ पूर्ण झाल्याशिवाय गाडीचं लर्निंग मिळत नाही. २०१९ नंतर कलम १९९-ए प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. इथेही मालक म्हणजे अप्पाच. "मला पण द्या" म्हटल्यावर किल्ली कुठे टांगलेली असते तेवढं बघा.

सरावाचं म्हणाल तर सकाळी सहाला निघा, शाळेच्या बसेस सुरू व्हायच्या आत परत या. यवतेश्वरचा घाट पक्कं लायसन्स आल्यावर. हायवेवर जाऊ नका असं कलम पॉलिसीत नाही, पण मी तुमच्या घरची असते तर जाऊ दिलं नसतं. टेस्टला घरचीच गाडी न्यायची असेल तर विमा आणि पीयूसी दोन्ही मुदतीत आहेत ना बघा. जाताना तुम्ही चालवा, शेजारी लायसन्सवाला घेऊन. पास झालात तरी येताना दुसऱ्याला चालवू द्या. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, पण लायसन्स डिजिलॉकरमध्ये दिसायला लागलं की ते कार्डाइतकंच चालतं. तोवर 'एल' तसाच राहू द्या, आणि सासूबाईंना रिक्षाच.

हे उत्तर अप्पांना दाखवायला माझी काही हरकत नाही. फक्त मी सुरुवातीला ते अर्धे चुकलेत असं लिहिलंय, ते त्यांना आधी वाचू देऊ नका. आधी त्यांचं लायसन्सचं कार्ड शोधायला त्यांच्याकडून कपाट उघडून घ्या. तारीख त्यांनीच वाचावी.